सगुणेचा कडा कुठला?

"काच फुटलीय," मी म्हणाले.

"कुणाचा तरी पाय पडला असंल," द्वारकाबाई टपरीतूनच म्हणाल्या. "माणसं काय खाली बघून चालत्यात व्हय? सगळी फोटूच काढत्यात."

मी गुडघ्यांवर बसून बघितलं. खडकातल्या भेगेवर मी पावसाळ्याआधी काचेच्या तीन पट्ट्या आडव्या बसवल्या होत्या, दोन्ही टोकांना प्लॅस्टर लावून. पाय पडला असता तर काचेचा चुरा झाला असता, किंवा प्लॅस्टर उखडलं असतं. प्लॅस्टर जागच्या जागी होतं. काच मधोमध तडकली होती आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून किंचित लांब गेले होते. तिन्ही पट्ट्यांचं तेच.

"पाय नाही पडला. कडा सरकलाय."

"कडा?" द्वारकाबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "माझ्या लग्नाच्या आधीपासनं हितंच हाय त्यो."

तेव्हा मी भूशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच पहिल्या नोकरीला लागले होते. दरडींचा धोका तपासणारी लहानशी संस्था होती आमची. नाळगडावरच्या काही जागा माझ्याकडे होत्या. त्यात पूर्वेकडचा हा सगुणेचा कडा सगळ्यात काळजीचा, कारण गडावर येणारा प्रत्येक माणूस इथे येऊन अगदी टोकावर उभा राहायचा.

ते येत कादंबरीमुळे. 'नाळगड' ही कादंबरी आमच्या आजोबांच्या पिढीपासून घरोघरी होती आणि तिच्यातला एक उतारा आम्हाला शाळेत धडा म्हणून होता. मी तेवढाच वाचला होता. गडाला वेढा पडतो, धान्य संपतं, आणि किल्लेदाराचा मुलगा माणसं वाचवण्यासाठी गड शत्रूच्या हवाली करायचं ठरवतो. त्याची बायको सगुणा भर सभेत त्याला विरोध करते. आमचा धडा तिथे संपायचा. पुढचं ऐकून माहीत होतं: ज्या सकाळी दरवाजा उघडायचा, त्या सकाळी सगुणा गडावर सापडत नाही. कड्याच्या काठावर तिची जोडवी सापडतात.

मग वाचक गडावर येऊन विचारू लागले, तो कडा कुठला? आणि मग बायका तिथे जोडवी वाहू लागल्या. नव्याने लग्न झालेल्या जास्त. जोडवी द्वारकाबाईंच्याच टपरीत मिळायची, जर्मन सिल्व्हरची. संध्याकाळी द्वारकाबाई ती गोळा करून, धुऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायच्या.

"आजपासून इथे कुणाला जाऊ द्यायचं नाही," मी पिशवीतून दोर काढत म्हणाले. "भेगेच्या अलीकडेच सगळ्यांना थांबवायचं."

"आज? उद्या त्या पुस्तकाचं वाचन हाय, वाचक मंडळाचं. अर्धा जिल्हा येतोय."

"म्हणून तर आजच."

"आनि माझी टपरी?"

"टपरी भेगेच्या अलीकडे आहे. तिला काही होणार नाही."

"टपरीला काय व्हतंय, पोरी. माणसं यायची थांबली की टपरीत मी आनि माशा." त्यांनी झाऱ्याने खाली दरीकडे दाखवलं. "ल्योक टपलाच हाय मला न्यायला. भोसरीत एक खोली हाय त्याची. दिसभर सुनंच्या टीव्हीम्होरं बसायचं, आनि 'आई, पंखा बंद करू का' इचारायचं तिनं. मी न्हाई जायाची."

मी दोराचं वेटोळं सोडू लागले.

"त्यापरीस एक करा," त्या म्हणाल्या. "सगुणेला पलीकडं न्या."

"कुठे?"

"मावळतीच्या टोकाला. तुमीच म्हणला न्हवं का, तिथला दगुड घट हाय."

"दगड घट्ट आहे. पण ती जागा तिची नाही ना."

"आनि ही हाय?" द्वारकाबाई हसल्या. "आमच्या सासूबाई हितं शेरडं राखायच्या. पयल्यांदा माणसं आली, इचाराय लागली सगुणेचा कडा कुठं, सगुणेचा कडा कुठं. सासूबाईंना काय ठावं? त्यांनी ह्यो दावला. घरापासनं जवळ, आनि ताकाचं मडकं हितंच व्हतं. पुस्तकातलीच बाई ती. तिला काय, कुठनंबी जाता येतंय."

न घडलेल्या घटनेची खरी जागा कुठली, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

"पण माझ्या सांगण्यानं कोण जाईल तिकडे?"

"तुमच्या न्हाई. किणीकर सरांच्या. त्यांच्या मंडळाच्या पत्रकात नकाशा असतोय, त्यो बघून माणसं येत्यात. त्यांनी पलीकडं वाचलं, तर म्होरल्या सालापास्नं सगळी पलीकडंच. आज यायचेत ते, मांडव बघाय. तुमी सांगा त्यांना. शिकल्याल्या हायसा, तुमचं ऐकतील."

सरांची वाट बघायच्या आधी मला एक काम होतं. भेगेच्या पलीकडे, अगदी काठाशी, एक बाई चप्पल काढून बसली होती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात गेली असावी.

"मॅडम, जरा इकडे येता? तो दगड सुटलाय."

तिने मागे वळून पाहिलं. चाळिशीची असेल. सलवार-कमीज, खांद्याला ऑफिसची पर्स. "पाच मिनिटं," ती म्हणाली.

"पाच मिनिटं नको. आत्ता."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण ती उठली. अलीकडे आल्यावर तिने मूठ उघडली. आत चांदीची जोडवी होती. झिजलेली.

"वाहायची होती," ती म्हणाली. "कुणी नसताना. इचलकरंजीहून पहाटेच निघाले त्यासाठी."

"नवस हाय का, बाई?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"नवस नाही. कोर्टाचा कागद आला परवा. सुटले एकदाची."

द्वारकाबाईंनी तिला न विचारता ताकाचा पेला दिला. तिचं नाव उल्का. बँकेत होती.

किणीकर सर आले ते बायकोसोबत. पांढरी टोपी, बगलेत कापडाचं कव्हर घातलेलं पुस्तक. सांगलीकडच्या एका हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. सुमतीबाई त्यांच्या मागून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने थर्मास सांभाळत. दर वर्षी वाचनाचा शेवटचा भाग सर कड्याच्या टोकावर उभे राहून वाचत, हे द्वारकाबाईंनी मला आधीच सांगितलं होतं.

मी त्यांना फुटलेल्या काचा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिल्या. हेडमास्तरांनी गृहपाठ तपासावा तशा.

"समजलं," ते म्हणाले. "पण मी तीस वर्षं इथे वाचतोय, मुली. हा दगड मला ओळखतो."

"ओळखत असेल, सर. पण धरून नाही ठेवणार."

सुमतीबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या.

"मग उद्याचं काय करायचं? वाचन रद्द?"

"रद्द कशापायी?" द्वारकाबाई मध्ये पडल्या. "मावळतीच्या टोकाला करा. जागा मोठी हाय. मी रातीत टपरी हलवती."

"द्वारकाबाई, हे काय लग्नाचं कार्यालय आहे, एक नाही मिळालं तर दुसरं? सगुणेनं देह ठेवला तो इथे."

"सर, पुस्तकात जागा नेमकी दिलीय का?" मी विचारलं.

"म्हणजे काय! शेवटच्या पानावर." त्यांना पान शोधावं लागलं नाही, पुस्तक आपोआप तिथेच उघडलं. त्यांनी वाचलं. आवाज खरोखर चांगला होता. "'पहाट सरली. सगुणा कड्याच्या काठाशी उभी होती. कोवळं ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं आणि तिची सावली तिच्यापुढे लांब पसरली होती. तिने वाकून जोडवी काढली. पहारेकरी फेरी मारून आला, तेव्हा काठावर जोडवी होती. सगुणा नव्हती.'" त्यांनी पुस्तक मिटलं. "यात काय कमी आहे?"

"ऊन पाठीवर," मी म्हणाले. "सकाळचं."

"मग?"

"म्हणजे तिचं तोंड पश्चिमेला होतं. आणि या कड्याची दरी पूर्वेला आहे."

सरांनी उगवतीकडे पाहिलं. ऊन समोरच होतं, सकाळच होती. मी म्हणाले, "द्वारकाबाई, जरा इथे उभ्या राहा. भेगेच्या अलीकडे. पाठीवर ऊन घ्या."

त्या उभ्या राहिल्या. झारा हातातच. पाठ दरीकडे, तोंड आपल्याच टपरीकडे, आणि सावली टपरीच्या दारापर्यंत गेलेली.

"आता उडी मारायची तर?" मी विचारलं.

"उलटी माराय लागंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला न्हाई जमायचं."

"हा पोरखेळ आहे," सर म्हणाले. "ती गडाकडे शेवटचं पाहत होती. नंतर वळली आणि उडी घेतली."

"वळली असं लिहिलंय का?"

"सगळंच लिहायचं नसतं."

"मग मावळतीचं टोक घ्या की," मी म्हणाले. "तिथे दरी पश्चिमेला आहे. ऊन पाठीवर, तोंड दरीकडे. वळायची गरजच नाही."

मला वाटलं, झालं. द्वारकाबाईंनाही वाटलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तेवढ्यात उल्काने रिकामा पेला खाली ठेवला.

"जागा हीच आहे," ती म्हणाली.

सरांनी समाधानाने तिच्याकडे पाहिलं. "बघा. वाचकाला कळतं."

"कळतं ना. तोंड गडाकडे, पाठ दरीकडे. शिडीवरून आपण कसं उतरतो, सर? पाठ मोकळ्या बाजूला, तोंड शिडीकडे. ती उतरून गेली."

"काय?"

"तिनं उडी मारलीच नाही. उतरून गेली."

सरांची टोपी जराशी मागे सरकली. "अहो बाई, दोन पिढ्या रडल्यात या पानावर!"

"मीही रडलेय. पण ती मेली म्हणून नाही."

"हा कडा सरळसोट आहे. तुम्हीच सांगा हो, उतरता येतो का इथून?" हे मला.

"दोर असला तर येतो. नुसता नाही."

"दोराचा कुठे उल्लेख आहे?" सर विजयाने म्हणाले.

"जोडव्यांचा आहे," उल्का म्हणाली. "मरायला निघालेली बाई वाकून, बसून जोडवी कशाला काढेल? नेसत्या कपड्यांनिशी, आहेत त्या दागिन्यांसकट जाईल. जोडवी काढते ती जिला अजून पुष्कळ चालायचंय. नवऱ्यानं गड दिला. तिनं त्याचं होतं ते ठेवलं आणि गेली."

"कुळाची खूण परत केली तिनं. देह ठेवण्याआधी."

"परत केली. मीही तेच म्हणतेय."

"तुम्ही आपल्या मनातलं पुस्तकात वाचताय."

"आणि तुम्ही?"

द्वारकाबाईंनी भज्यांचा घाणा काढला आणि कुणी खात नाही हे बघून स्वतःच एक तोंडात टाकलं. त्यांची काळजी मला दिसत होती. जागा हीच ठरली, तर भेगेच्या पलीकडे कुणाला जाता येणार नाही, आणि मंडळ दुसऱ्या एखाद्या गडाच्या वाटेला लागेल. त्या माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "ह्या बाईला कुणी बोलिवलं हितं?"

"अहो," सुमतीबाई म्हणाल्या.

इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या. सर चहा मागायला हात पुढे करून उभे राहिले, सवयीने.

"मलाही तसंच वाटतं."

"काय तसंच?"

"उतरून गेली असेल."

सरांचा हात तसाच राहिला. "कधीपासून?"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून. मॅट्रिकला होते. आपलं लग्न व्हायचं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. रागाने नाही. "तुम्ही वाचायचात, मी ऐकायचे. शेवटी तुमचा आवाज भरून यायचा. बरं वाटायचं ऐकायला. मी मनात म्हणायचे, यांच्या पुस्तकात ती गेली. माझ्यात आहे."

"एकच पुस्तक आहे ते आपल्या घरात."

"हो. एकच आहे."

सरांनी चहा घेतला, पण प्याले नाहीत. दगडावर ठेवून दिला. मग पुस्तक पुन्हा उघडून ते तीन-चार ओळींचं पान त्यांनी बराच वेळ मनातल्या मनात वाचलं. ओठ हलत होते.

"मुली," ते मला म्हणाले, "मावळतीच्या टोकावर सावली जुळते?"

मला 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. द्वारकाबाई तर मान हलवून मला 'हो' म्हणायला शिकवतच होत्या. पण विचारलं होतं मोजमापाचं.

"अगदी काठावर उभी असेल तर नाही. सावली दरीत पडेल. लांब पसरायला पुढे जमीन हवी."

"काठापासून थोडी मागे असेल तर?"

"तर पसरेल."

"'काठाशी' म्हटलंय. काठावर नाही."

"मग जुळेल."

"मग ती मागे उभी होती," सर म्हणाले. "आणि धावत गेली." त्यांनी पुस्तक बगलेत मारलं. "द्वारकाबाई, मांडव पलीकडे घाला. पत्रकातला नकाशा मी बदलून घेतो."

"व्हय सर!" द्वारकाबाईंचा आवाज पार बालेकिल्ल्यापर्यंत गेला असेल.

तेव्हा मला वाटलं, माझ्या सावलीच्या हिशोबाने सरांना पटवलं. आता तसं वाटत नाही. सरांपुढे दोनच गोष्टी होत्या: जागा ठेवायची की उडी. दोन्ही ठेवता येत नाहीत हे त्यांना बायकोच्या तोंडून कळलं होतं. त्यांनी उडी ठेवली.

ते टोपी सारखी करून निघाले. थोडं पुढे जाऊन थांबले. "येतेस ना?"

"तुम्ही या बघून," सुमतीबाई म्हणाल्या. "मी इथेच बसते जरा."

सरांनी एकदा बायकोकडे, एकदा माझ्या हातातल्या दोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "उन्हात नको बसू," आणि गेले.

मी दोर बांधला. उल्काने दोरीच्या अलीकडे, सुमतीबाईंच्या पायाशी, जोडवी ठेवली आणि द्वारकाबाईंना म्हणाली, "ही धुऊन विकू नका हं."

"न्हाई वो. चांदी वळखती मी."

मी अहवालात लिहिलं: पूर्वेचा कडा धोकादायक, प्रवेश बंद. पश्चिमेचं टोक सुरक्षित, कठडा आवश्यक. आमच्या साहेबांनी विचारलं, "पण खरा सगुणेचा कडा यातला कुठला?" मी म्हणाले, "सर, तो रकाना आपल्या तक्त्यात नाही."

गेल्या हिवाळ्यात, नऊ-दहा वर्षांनी, दुसऱ्याच कामासाठी त्या भागात गेले होते, म्हणून वर चढले. पूर्वेचा कडा अजून पडलेला नाही. भेगेत आता माझा पूर्ण हात जातो. पडेल.

द्वारकाबाईंची टपरी मात्र ना पूर्वेला होती, ना पश्चिमेला. दरवाजातून वर आलं की वाट जिथे फुटते, त्या फाट्यावर होती, बाकं टाकून. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही. त्या एका जोडप्याशी बोलत होत्या.

"पुस्तक वाचलंय का? मंग सांगा. उडी मारली म्हणता, का उतरली?"

"उडी," मुलगा म्हणाला.

"तुमी डावीकडं, मावळतीला. आनि तू ग?"

"मी अजून वाचलं नाही," मुलगी म्हणाली.

"मंग बस हितं, ताक पी. जाऊ दे त्याला."

मुलगा खरंच एकटा गेला. मी पुढे झाले, ओळख पटली, आणि मग भजी खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. लेकाने न्यायचं सोडून दिलं होतं. उलट सूनच सुट्टीत येऊन हाताखाली राबत होती.

"सर येतात का अजून?"

"येत्यात की. काठी टेकत. दोघं एकाच गाडीनं येत्यात, हितं फाट्यावर सर डावीकडं, बाई उजवीकडं. परत येऊन ह्याच बाकावर बसत्यात, एकमेकाला इचारत्यात, किती माणसं व्हती तुमच्याकडं." त्या हसल्या. "आता बाईबी वाचत्यात. दोरीपाशी. धा-पंधरा बाया असत्यात. माईक न्हाई काय न्हाई. हळू वाचत्यात. मी एक साल हिकडं ऐकती, एक साल तिकडं."

"काय वाचतात?"

"त्येच. शेवटलं पान."

"तेच? सर वाचतात तेच?"

"तुमी का मी बदलणार पुस्तक? शब्दाला शब्द त्येच." द्वारकाबाईंनी कढईखालचा जाळ कमी केला. "पर सर वाचत्यात तवा मला दरी दिसती. बाई वाचत्यात तवा तिचं पाय दिसत्यात. एकामागं एक, दगुड चाचपत."